मिलफर्ड साउंडच्या धबधब्याखाली मोबाइल कोरडा ठेवण्यासाठी

न्यूझीलंडमधील मिलफर्ड साउंड या फियॉर्डमध्ये, म्हणजे उंच कड्यांमधल्या समुद्राच्या अरुंद खाडीत, बोट सुमारे 150 मीटर उंचीच्या स्टर्लिंग धबधब्याच्या अगदी पायथ्याशी नेतात आणि नेमक्या त्याच क्षणी मोबाइलच्या भिंगावर तुषार बसून छायाचित्रे धूसर येतात.

1. धबधबा बहुधा परतीच्या वाटेवर लागतो. तो दिसू लागताच, उबदार केबिन सोडून दहा मिनिटे आधीच डेकवर यावे.
2. संपूर्ण धबधब्याची छायाचित्रे दुरूनच घ्यावीत, कारण पायथ्याशी गेल्यावर चौकटीत पांढऱ्या फवाऱ्याखेरीज फारसे काही मावत नाही.
3. बोटीचे नाक धबधब्याकडे वळताच मोबाइल झिपच्या पिशवीत घालून आतल्या खिशात ठेवावा. जुन्या धोतराचा किंवा सुती साडीचा धुऊन मऊ झालेला तुकडा दुसऱ्या पिशवीत असू द्यावा. भिंग पुसायला टिशू कागदापेक्षा तो कितीतरी सरस.

पाऊस असेल तर फेरी रद्द करण्याची घाई करू नये, कारण तेव्हा कड्यांवरून शेकडो तात्पुरते धबधबे कोसळू लागतात.

मात्र पुढचा डेक ओला होऊन फार निसरडा होतो, म्हणून एक हात कायम कठड्यावर ठेवावा.