सिकलसेलची तपासणी: लॅबमधल्या आणि हिशोबातल्या या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात किनवटकडचं एक लेकरू आमच्या लॅबमध्ये आलं. अंग ठणकतंय म्हणून रडत होतं आणि हातातल्या जुन्या रिपोर्टवर 'एएस' लिहिलेलं, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं जनुक आईबापांपैकी एकाकडूनच आलेलं, नुसतं वाहक. वाहकाला सहसा असा त्रास होत नाही. आईला खोदून विचारलं तेव्हा कळलं, तीन आठवड्यांपूर्वी रक्त चढवलं होतं. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीत दिसलेलं 'ए', म्हणजे नेहमीचं, हिमोग्लोबिन रक्तदात्याचं होतं! फॉर्मवर ती तारीख लिहायला जागाच नव्हती. आता आम्ही पेनानं रकाना आखून घेतो.

रक्त चढवल्यावर एचपीएलसीसाठी तीन महिने थांबा, किंवा आईबापाचे नमुने घ्या. डीएनए तपासणी अशा वेळी बहुधा उपयोगी पडते. लाल पेशीत केंद्रक नसतं, त्यामुळे डीएनए येतो तो मुख्यतः पेशंटच्याच पांढऱ्या पेशींतून.

नमुना रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या, म्हणजे जांभळ्या झाकणाच्या नळीत घ्या. हिरव्या झाकणाच्या नळीतलं हेपॅरिनही रक्त गोठू देत नाही, पण ते पीसीआर, म्हणजे हव्या त्या डीएनए तुकड्याच्या भरपूर प्रती काढायची पद्धत, बिघडवतं; मग दोष प्रायमरच्या (प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणाऱ्या छोट्या डीएनए तुकड्यांच्या) माथी मारला जातो.

पीसीआरनंतरची खरी फसगत एन्झाइमपाशी, म्हणजे डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या प्रथिनापाशी. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या एचबीबी जनुकाच्या सहाव्या कोडॉनमध्ये (तीन अक्षरी शब्दात) जीएजीचं जीटीजी होतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. या एका अक्षरानं डीडीई-वन एन्झाइमची कापायची जागा जाते. निरोगी जनुक कापलं जातं, सिकलचं अखंड राहतं आणि तुकडे जेलवर लांबीनुसार वेगळे केले की वाहकात कापलेले आणि अखंड असे दोन्ही पट्टे दिसतात. आता मे महिन्यात लाइट गेली, एन्झाइम बर्फाबाहेर राहिलं आणि कापणी अर्धवट झाली, तर धडधाकट माणसाच्या जेलमध्येही अखंड पट्टा उरतो आणि तो वाहक ठरतो. म्हणून दर वेळी एए (निरोगी), एएस (वाहक) आणि एसएस (आजारी) असे माहितीतले तीन नमुने शेजारी चालवायचेच, शिवाय डीएनए न घातलेली एक नळी. त्या रिकाम्या नळीत पट्टा दिसला तर कुठून तरी डीएनए मिसळलाय, अख्खी बॅच फेका. जीव तुटतो, पण फेका.

सोल्युबिलिटी टेस्ट (सिकलचं हिमोग्लोबिन न विरघळता द्रावण गढूळ करतं का ते बघणारी) स्वस्त आणि झटपट, पण एएस की एसएस हे ती सांगत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात किंवा रक्त फार कमी असलेल्यात ती निगेटिव्ह येऊन फसवते.

मशिनीचं झालं. रिपोर्ट बरोबर असूनही हिशोब चुकतो, ते मला जास्त खटकतं. "पयलं लेकरू असं निघालं सर, आता पुढची तीन तर चांगली होतील की," असं आईबाप विचारतात. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता नव्यानं असते, आधीच्या लेकराचा हिशोब पुढच्याला लागू नाही. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलला वाटाण्यात ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले दाणे मिळाले, म्हणून तिनास एक दिसलं. चार लेकरांच्या घरात ते दिसेलच असं नाही. अशा घरात एकही आजारी नसण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के असते, आणि तेवढ्यावरून "आमच्यात नाही" असं लोक ठरवून टाकतात.

एमएस्सीची पोरंही हमखास अडखळतात तो प्रश्न असा: आजारी मुलाची निरोगी बहीण वाहक असण्याची शक्यता किती? उत्तर येतं निम्मी. ती एसएस नाही हे आधीच ठाऊक आहे, उरल्या तीन शक्यतांपैकी (एए, एएस, एसए) दोन वाहकाच्या. म्हणजे दोन तृतीयांश.

सगळं खापर सुनेवर फोडणाऱ्या सासूबाईंना एवढंच सांगतो: जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे, आजारी लेकराला एक प्रत आईकडून तर दुसरी बापाकडून आलेली असते.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न ही जुनीच रीत. मुलाची आई वाहक असेल तर मामाची ती मुलगीही वाहक असण्याची शक्यता निदान चारात एक धरा आणि सुपारी फुटायच्या आधी दोघांची तपासणी करा. एक एएस निघाला तर दुसऱ्याचं 'ए-टू', म्हणजे रक्तात थोडंच असणारं वेगळ्या प्रकारचं हिमोग्लोबिनही बघा. ते ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर बीटा थॅलेसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक असू शकतो आणि एस-बीटा जोडीचं लेकरूही आजारी पडतं. लोहाच्या कमतरतेत ए-टू खाली उतरतं आणि वाहक लपून जातो, म्हणून पोरगी फिकट दिसत असेल तर आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करून घ्या.