मासेमारीसाठी ॲल्युमिनियमची छोटी जॉन बोट घरच्या घरी कशी सज्ज करावी

वापरलेली जॉन बोट, म्हणजे सपाट तळाची छोटी होडी, दारात आली की पहिला मोह होतो तो मधली बाकं कापून काढण्याचा. बाकं गेली की सपाट डेक, म्हणजे उभं राहायचा मंच, होईल, त्यावर फिरती खुर्ची बसेल, उभं राहून गळ टाकता येईल. पण करवत जरा बाजूला ठेवा. ती बाकं नुसती बसायला नसतात. पातळ पत्र्याच्या दोन्ही बाजू ताणून धरणाऱ्या त्या आडव्या तुळया आहेत आणि त्यांच्या पोटातला फोम होडी पाण्याने भरली तरी तिला तळाला जाऊ देत नाही. घरी केलेल्या बदलांमुळे होडी बिघडते ती बहुतेक वेळा दोनच कारणांनी: वजन चुकीच्या जागी वाढतं, किंवा ॲल्युमिनियमला न मानवणारी वस्तू त्याला चिकटून बसते. या दोन गोष्टी सांभाळल्या तर बाकीचं काम सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये जमण्यासारखं आहे.

मिशिगन, मिनेसोटापासून टेक्सासपर्यंत अमेरिकेच्या तळ्यांवर या होड्या दिसतात. तळ सपाट, तोंड बहुधा चौकोनी, लांबी १० ते १६ फूट. जाहिरातीत नुसतं ‘१४३६’ लिहिलेलं असेल तर लांबी १४ फूट आणि तळाची रुंदी ३६ इंच असं समजायचं. उभं राहून मासे धरायचा विचार असेल तर १४४८ शोधा. तो एक फूट रुंदीचा फरक पायाखाली लगेच कळतो. सपाट तळ उथळ, शांत पाण्यात छान चालतो, लाटांवर मात्र आपटतो. तेव्हा पुढेमागे अशी होडी कोकणात न्यायचं मनात असलं तरी खाडीच्या तोंडापर्यंत ती नेऊ नका.

आधी प्लेट वाचा

अमेरिकेत २० फुटांखालच्या मोटरबोटीवर कोस्ट गार्डच्या नियमानुसार क्षमतेची प्लेट असते. किती माणसं, एकूण किती वजन आणि किती अश्वशक्तीचं इंजिन, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. एकूण वजनात माणसं, इंजिन, सामान सगळं आलं. तुम्ही बांधलेला डेकही सामानातच धरायचा.

समजा प्लेट ५५० पौंड सांगते. दोन माणसं ३४०, इंजिन ८५, पेट्रोलची तीन गॅलनची टाकी २०, शिशाची डीप सायकल (बराच वेळ वीज पुरवणारी) बॅटरी ६०, ट्रोलिंग मोटर (होडी हळू चालवणारी विजेची छोटी मोटर) ३०. झाले ५३५. अजून नांगर नाही, गळाची पेटी नाही, लाइफ जॅकेटं नाहीत आणि तुमच्या हिशेबात उरलेत १५ पौंड. अर्धा इंच जाडीच्या प्लायवूडची अर्धी शीट एकटीच २० पौंडांच्या वर जाते. म्हणून कामाची सुरुवात कागदावर करा. शिशाऐवजी लिथियमची बॅटरी घेतली तर ३० पौंडांच्या आसपास वाचतात. ती महाग आहे खरी, पण छोट्या होडीत पैसे खर्चायची सगळ्यात शहाणी जागा मला तीच वाटते.

गळती शोधा

जुन्या होड्यांचे पत्रे बहुधा रिव्हेटनी, म्हणजे दोन्ही टोकं ठोकून चपटी केलेल्या धातूच्या खिळ्यांनी, जोडलेले असतात आणि रिव्हेट कालांतराने सैल होतात. गळती पाण्यात उतरवून शोधण्यापेक्षा होडीतच पाणी भरून शोधावी. बाहेरचा तळ कोरडा पुसा, आत नळीने पाणी सोडा आणि खाली पाठीवर झोपून थेंब कुठून येतात ते बघा. जिथे थेंब दिसेल तिथे मार्करने गोल करा. शिसपेन्सिल वापरू नका. ग्राफाइट ॲल्युमिनियमला खातं, म्हणून विमानाच्या पत्र्यावरही पेन्सिल चालवत नाहीत.

सावधगिरी एवढीच की पाणी जड असतं. १४ फुटी होडीत तीन इंच पाणी म्हणजे जवळपास ३०० किलो. ट्रेलरखाली ठोकळे लावा, चाकांना अडण द्या आणि एकदम सगळी होडी भरण्यापेक्षा आधी पुढची बाजू उचलून मागचा भाग तपासा, मग उलटं करा.

नुसता सैल झालेला रिव्हेट पुन्हा आवळता येतो. एकाने जड लोखंडी ठोकळा रिव्हेटच्या एका टोकावर घट्ट दाबून धरायचा, दुसऱ्याने दुसऱ्या टोकावर हातोडीचे दोन-तीन बेताचे ठोके द्यायचे. जोर लावला तर भोक मोठं होतं, मग गळती पहिल्यापेक्षा वाढते. डोकं तुटलेला किंवा झिजलेला रिव्हेट ड्रिलने काढून नवा घाला. आतल्या बाजूला हात पोचत नसेल तर बंद तोंडाचा ॲल्युमिनियमचा पॉप रिव्हेट (एकाच बाजूने बसवता येणारा) चालतो, मात्र तो थ्रीएम ५२०० सारख्या सागरी सीलंटमध्ये बुडवून बसवायचा. साधा पॉप रिव्हेट मधून पोकळ असतो, त्यातून पाणी झिरपतं. सीलंट पूर्ण पिकायला आठवडा द्या. संपूर्ण सांधाच घामेजल्यासारखा पाझरत असेल तर आतून पातळ इपॉक्सीचा हात फिरवा. बाथरूमचं सिलिकॉन इथे नको. ते टिकत नाही, आणि त्याचा अंश राहिला की पुढे रंगही धरत नाही.

इंजिन जिथे अडकवतात ती मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, याच वेळी हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. आत प्लायवूड असतं. टणक आवाज आला तर ठीक. भदभदीत आला तर लाकूड कुजलंय, आणि ते बदलल्याशिवाय पुढचं कोणतंही काम हाती घ्यायचं नाही.

ॲल्युमिनियमचे शत्रू

ॲल्युमिनियम, दुसरा एखादा धातू आणि ओलावा एकत्र आले की छोटीशी बॅटरीच तयार होते आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. तांबं तर त्याचा हाडवैरी. म्हणून हिरवट दिसणारं ‘प्रेशर ट्रीटेड’ लाकूड होडीत अजिबात वापरू नका. ते कुजू नये म्हणून त्यात तांब्याचे क्षार दाबून भरलेले असतात. अमेरिकेत २००३ अखेर घरगुती लाकडातून आर्सेनिकचं रसायन हद्दपार झालं, आणि त्याच्या जागी आलेल्या रसायनांत तांबं आणखी जास्त आहे. दुकानदार ‘बाहेरच्या कामासाठी हेच चांगलं’ म्हणेल. अंगणातल्या डेकसाठी त्याचं बरोबर आहे.

ट्रेलरवर होडी ज्या लांब फळ्यांवर टेकते त्याही अनेकदा अशाच लाकडाच्या असतात, वर ओलं कार्पेट. तळाला बारीक खड्डे पडलेले दिसले तर आधी तिथे बघा.

स्क्रू आणि बोल्ट स्टेनलेसचे घ्या, पण कोरडे लावू नका. आट्यांना टेफ-जेल किंवा तत्सम लेप लावा, शक्य तिथे खाली नायलॉनचा वॉशर द्या. घासायला लोखंडी तारेचा ब्रश नको, त्याचे कण पत्र्यात रुततात. तळात पडून राहिलेली शिशाची वजनं आणि १९८२ पूर्वीचं तांब्याचं एक सेंटचं नाणंही वेळीच उचलून टाका.

डेक

एक बाक काढायचंच असेल तर त्याच्या जागी तेवढीच मजबूत आडवी चौकट आणि तेवढाच फोम परत आला पाहिजे. त्यापेक्षा पुढच्या बाकापासून होडीच्या नाकापर्यंत डेक करा आणि बाकाचाच आधार घ्या. उंची बाकाएवढीच ठेवा. चार इंच वर चढवलेला डेक फोटोत रुबाबदार दिसतो, पण उभ्या माणसाचं वजन वर गेलं की होडी डुलायला लागते. ३६ इंच तळाच्या होडीत तर मी उभं राहण्याचा नादच सोडून देईन आणि डेकऐवजी नुसती सपाट फरशी करेन.

पहिल्यांदा पुठ्ठ्याचा साचा कापा. होडीची एकही कड सरळ नसते, त्यामुळे टेपने घेतलेली मापं फसवतात. चौकट ॲल्युमिनियमच्या कोनपट्टीची करा, एक-दीड इंची, पाव इंचाच्या निम्म्या जाडीची. दर १६ इंचांवर एक आधार. कोनपट्टी बाकांना आणि आतल्या बरगड्यांना रिव्हेट करा, तळाच्या पत्र्याला नको. पाण्याच्या रेषेखाली नवं भोक पाडायचं नाही, हा नियम पुढच्या सगळ्या कामांनाही लागू. जिगसॉला धातूचं पातं लावलं की कोनपट्टी सहज कापली जाते. डोळ्यांना चष्मा आणि कानांना बोळे हवेतच.

वर अर्ध्या इंचाचं मरीन प्लाय टाका. त्याला सगळीकडून इपॉक्सीचे दोन हात द्या. पाणी शिरतं ते कडांतून आणि स्क्रूच्या भोकांतून, म्हणून भोकं आधी पाडून मग इपॉक्सी लावा. प्लायऐवजी ॲल्युमिनियमचा पत्रा घेतला तर वजन फारसं वाचत नाही, पण कुजण्याची काळजी मिटते. उन्हात मात्र तो तापतो आणि त्यावर काही पडलं की आवाज घुमतो. वरून कार्पेट लावायची पद्धत आहे. मला ते आवडत नाही. ते पाणी धरून ठेवतं आणि गळ त्यात अडकतात. ईव्हीए फोमचे चिकटपट्टे बरे.

फरशीखालून पाणी वाहत मागच्या, पाणी सोडायच्या बुचापर्यंत गेलं पाहिजे, तेव्हा बरगड्यांमधल्या वाटा बुजवू नका. मागे हात जाईल एवढं झाकण ठेवा.

फोम

जुना फोम एकदा बाहेर काढून उचलून बघा. वर्षानुवर्षं पाणी पिऊन तो जड झालेला असतो आणि अशा फोमचा तरंगायला काहीच उपयोग नाही. नवा घेताना दुकानातली निळी किंवा गुलाबी इन्सुलेशनची शीट, नाहीतर घनफुटाला दोन पौंड घनतेचा ओतायचा बंद-पेशी (पाणी न शोषणारा) फोम निवडा. अशा फोमचा एक घनफूट साधारण ६० पौंड तोलतो. फटी भरायचा डब्यातला स्प्रे फोम यासाठी नाही. निळ्या-गुलाबी शीटवर पेट्रोल सांडलं तर ती विरघळते, म्हणून टाकीच्या आसपास नको.

वायरिंग

तारा टिनचा मुलामा दिलेल्या सागरी तारा घ्या, जोडांवर आकसणारी नळी लावा. मोटारगाडीत ऋण टोक सांगाड्याला जोडतात. इथे ते कधीही करू नका. होडीच्या पत्र्यातून वीज वाहिली तर पत्रा झपाट्याने झिजतो. प्रत्येक उपकरणाला धन आणि ऋण अशा दोन्ही तारा स्वतंत्र न्या.

५५ पौंड जोराची १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअरच्या आसपास वीज ओढते. तिला सहा गेज जाडीची तार आणि ६० अँपिअरचा ब्रेकर लागतो. ब्रेकर बॅटरीच्या अगदी जवळ बसवा, कारण शॉर्ट झाला तर ब्रेकर आणि बॅटरी यांच्यामधल्या तारेला कोणीच वाचवत नाही. दिवे, फिशफाइंडर (पाण्यातले मासे दाखवणारं यंत्र) आणि पाणी उपसायचा पंप छोट्या फ्यूज बॉक्समधून जोडा. बॅटरी पेटीत घालून पट्ट्याने बांधा आणि पुढे ठेवा. इंजिन व टाकी मागे असते, त्याने तोल साधतो आणि पेट्रोलची वाफही ठिणगीपासून लांब राहते.

रात्री जायचं असेल तर डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि मागे चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लागतो. पांढऱ्याचा खांब तुमच्या डोक्यापेक्षा उंच हवा, नाहीतर तुमच्याच डोळ्यांवर उजेड येतो आणि समोरच्याला तो दिसत नाही.

रंग आणि कागदपत्रं

पत्रा घासला की हवेने त्यावर लगेच नवा ऑक्साइड चढतो. त्यामुळे घासणं, पुसणं आणि सेल्फ-एचिंग प्रायमर (पत्र्याला घट्ट धरणारा पहिला लेप) एकाच दिवशी उरका. तांबं असलेला तळाचा रंग ॲल्युमिनियमला वर्ज्य. ट्रेलरवरच राहणाऱ्या होडीच्या तळाला खरं तर रंगाची गरजच नसते. मागच्या फळीवरचा १२ अक्षरांचा ओळख क्रमांक आणि क्षमतेची प्लेट रंगाखाली जाऊ देऊ नका. नोंदणी क्रमांक दोन्ही बाजूंना, किमान तीन इंच उंचीचा. बहुतेक राज्यांत नुसती विजेची मोटर असली तरी नोंदणी लागते. प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट. होडी १६ फुटांची असेल तर बुडणाऱ्याकडे फेकायचं एक तरंगतं साधनही हवं. तीन किंवा अधिक अश्वशक्तीच्या इंजिनाला बंद करायची दोरी असेल, तर एप्रिल २०२१ पासून होडी वेगात असताना ती चालकाने स्वतःला अडकवणं संघीय पाण्यावर, म्हणजे केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या जलमार्गांवर, बंधनकारक आहे.

पाण्यात

पहिल्यांदा कमरेएवढ्या पाण्यात, जॅकेट घालून, सगळं सामान ठेवून बघा. दोघंही एका बाजूला सरका आणि काठ पाण्यापासून किती वर राहतो ते पाहा. नाक खाली असेल तर बॅटरी मागे सरकवा. खुर्चीचा पाया, गळाच्या काठ्या अडकवायचे होल्डर, फिशफाइंडरचा पडदा हे सगळं सुरुवातीला क्लॅम्पनेच लावा. दोन-चारदा मासेमारीला जाऊन आलात की हात कुठे जातो आणि दोरा कुठे अडकतो ते कळेल, त्यानंतर ड्रिल काढा. मिनेसोटासारख्या राज्यात होडी रस्त्याने नेताना तळाचं बूच काढलेलं असावं लागतं, झेब्रा शिंपल्यांसारखे उपद्रवी जीव एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. ते बूच गाडीच्या किल्लीला अडकवून ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेला होडी पाण्यात सोडण्याआधी ते लावायचं राहणार नाही.