अँटी-टीपीओ तपासणीला जाण्यापूर्वी
अँटी-टीपीओ ही थायरॉइड ग्रंथीविरुद्ध शरीरात तयार झालेल्या अँटीबॉडी (प्रतिपिंडे) मोजणारी रक्ततपासणी आहे. तिच्यासाठी उपाशीपोटी जाण्याची गरज नसते. केस गळतात म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटावर बायोटिन (एक ब-जीवनसत्त्व) ५ किंवा १० मिलिग्रॅम असे छापलेले असेल, तर डॉक्टरांना विचारून ती गोळी किमान २ दिवस आधी थांबवावी, कारण काही यंत्रांवर बायोटिनमुळे आकडा खोटा येऊ शकतो, आणि नमुना देताना हे क्वचितच कोणी विचारते. थायरॉइडची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये.

अहवालात आकड्याशेजारची संदर्भमर्यादा (सामान्य मानला जाणारा आकडा) आधी वाचावी. ती पद्धतीगणिक बदलते, म्हणून दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत. अँटीबॉडी वाढलेल्या पण टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) सामान्य असल्यास सहसा लगेच औषध लागत नाही, तरी टीएसएच दरवर्षी तपासावे. गर्भधारणेचा विचार असल्यास तसे डॉक्टरांना आधीच सांगावे.