छोट्या व्यवसायाच्या वेबसाइटवर कार्डाने पैसे कसे घ्यावेत

बहिणीच्या दिवाळी फराळाच्या साइटवर मी पहिल्यांदा कार्ड पेमेंट सुरू केलं. पुढे मसालेवाले, पैठणीवाले, देवगडचे आंबेवाले अशा बऱ्याच जणांचं काम करून दिलं. सगळे आधी एकच विचारतात, ‘कुठला गेटवे (ग्राहकाच्या कार्डावरून पैसे घेऊन तुमच्या खात्यात पाठवणारी सेवा) स्वस्त?’ त्यावर आठवडा घालवतात आणि जिथे पैसे खरोखर अडकतात, ती पायरी पाच मिनिटांत उरकतात.

साइट वूकॉमर्सवर (वर्डप्रेसवर ऑनलाइन दुकान चालवणारं सॉफ्टवेअर) तयार आहे, एचटीटीपीएस (साइटचं सुरक्षित कनेक्शन) चालू आहे आणि व्यवसायाच्या नावाचं करंट खातं आहे, असं धरून चालतो.

१. गेटवे

रेझरपे, कॅशफ्री, पेयू, कुठलाही घ्या. क्रेडिट कार्डावर साधारण २ टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी धरा. म्हणजे ५,००० रुपयांच्या ऑर्डरमागे ११८ रुपये जातात. मालाची किंमत ठरवतानाच हे धरा.

२. केवायसी

पॅन, कॅन्सल्ड चेक, उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) किंवा जीएसटी नोंदणी. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटाला एक रुपयाही देऊ नका. साइटवर संपर्क, अटी, गोपनीयता, परतावा आणि डिलिव्हरी यांची पानं हवीत. ती स्वतः लिहा. एका आंबेवाल्यांनी ती दुसऱ्या साइटवरून उचलली होती, त्यात परक्या कंपनीचं नाव तसंच राहिलं आणि ऐन हंगामात अर्ज परत आला.

३. प्लगइन

गेटवेचं अधिकृत प्लगइन (साइटला गेटवेशी जोडणारा तयार प्रोग्राम) टाका, त्यात गेटवेने दिलेली एपीआय की (साइटची ओळख पटवणारा सांकेतिक शब्द) भरा. पेमेंट आपोआप ‘कॅप्चर’ होईल, म्हणजे पैसे पक्के घेतले जातील, असं ठेवा, नाहीतर रक्कम नुसती अडवली जाते आणि मुदत टळली की ग्राहकाकडे परत जाते. कार्ड नंबर घेणारा स्वतःचा फॉर्म कधीही बनवू नका. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दुकानदाराला ग्राहकाचा कार्ड नंबर साठवता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर नंबर मागवून घेणं तर अजिबात नको.

४. वेबहुक

आता खरं काम.

त्या पहिल्या दिवाळीत वसुबारसेला सकाळी एका काकूंचा फोन आला. ‘अहो, ओटीपी टाकला, पैसे कापले गेले, मग स्क्रीन पांढरी झाली.’ आमच्या साइटवर त्यांची ऑर्डर होती, पण ‘रद्द’ म्हणून. गेटवेच्या डॅशबोर्डवर पैसे जमा. खाली पाहत गेलो तर अशा अकरा ऑर्डरी निघाल्या. चकल्या, अनारसे तयार होते, पैसे आले होते आणि पाठवायच्या यादीत त्या अकरा घरांची नावंच नव्हती.

झालं असं होतं. ओटीपीनंतर पैसे मिळाल्याचा निरोप ग्राहकाच्या ब्राउझरमधून साइटपर्यंत येतो. मधेच रेंज गेली, बँकेचं अ‍ॅप उघडलं, टॅब बंद झाला, की निरोप वाटेतच राहतो. ऑर्डर ‘पेंडिंग’ राहते. वूकॉमर्समध्ये स्टॉक अडवून ठेवण्याची मुदत मुळात ६० मिनिटांची असते, ती उलटली की पैसे न भरलेली ऑर्डर आपोआप रद्द होते. म्हणून वेबहुक लागतो. त्यात गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला थेट कळवतो, ग्राहकाचा फोन चालू असो वा बंद.

‘थँक यू पान उघडलं की पैसे आले समजा’ असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ‘ग्राहकाला पुन्हा भरायला सांगा’ हा तर त्याहून वाईट. त्या माणसाचे एकदा पैसे गेलेले आहेत.

प्लगइनच्या सेटिंगमधला वेबहुकचा पत्ता गेटवेच्या डॅशबोर्डवर भरा. सोबत एक लांब, कोणाला ओळखता येणार नाही असा गुप्त शब्द दोन्हीकडे अक्षरशः सारखा टाका. हा शब्द म्हणजे तुमची एपीआय की नव्हे, इथे पुष्कळ जण चुकतात. हा निरोप खरंच गेटवेकडून आला का, हे साइट त्यावरून ताडून पाहते. तो रिकामा ठेवला, तर उद्या कोणीही ‘पैसे भरले’ असा खोटा निरोप धाडू शकेल. पेमेंट कॅप्चर झालं, पेमेंट फसलं, परतावा झाला, निदान या तीन घटना निवडा.

मी स्वतः दोन रात्री ज्यात घालवल्या ते नीट वाचा. मी वेबहुक टेस्ट मोडमध्ये, म्हणजे खऱ्या पैशांशिवाय चाचणी करतात तिथे, लावला होता. खऱ्या व्यवहारांच्या लाइव्ह मोडचा वेगळा लावावा लागतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तो लावला तरी निरोप येईना. शेवटी गेटवेच्या नोंदी उघडल्या, तर प्रत्येक निरोपापुढे ४०३, म्हणजे ‘प्रवेश नाकारला’. आमच्या साइटचं सुरक्षा प्लगइनच गेटवेला दारातून परत पाठवत होतं. त्यात वेबहुकचा पत्ता अपवाद म्हणून टाकला आणि पुढच्या निरोपापुढे २००, म्हणजे ‘पोचला’, दिसला. तुम्हालाही २००च दिसायला हवा.

डेव्हलपरकडून स्वतंत्र कोड लिहून घेत असाल तर त्याला बजावून सांगा की एकच निरोप दोनदा येऊ शकतो. पेमेंट आयडी आधी पाहिलेला असेल तर दुसऱ्यांदा काही करायचं नाही, नाहीतर एका पैशात दोन डबे जातात.

५. चाचणी

टेस्ट कार्डावर (गेटवे चाचणीसाठी देतो तो खोटा कार्ड नंबर) थांबू नका. १० रुपयांची एक वस्तू साइटवर टाका. दुसऱ्या कोणाच्या फोनवरून, वायफाय बंद करून, खऱ्या कार्डाने घ्या. ओटीपी टाका, सबमिट दाबा आणि लगेच टॅब बंद करा. पेमेंट डॅशबोर्डवर कॅप्चर झालं आणि काही मिनिटांत ऑर्डर ‘प्रोसेसिंग’ झाली, तर वेबहुक चालतोय. झाली नाही, तर दुकान उघडू नका. मग परतावाही करून पाहा.

६. रोजचा ताळा

पैसे खात्यात यायला सहसा कामाचे दोन दिवस लागतात आणि शुल्क कापून एकगठ्ठा येतात, म्हणून बँकेच्या एंट्रीवरून ऑर्डर शोधू नका. रोज सकाळी गेटवेवरची कॅप्चर झालेली पेमेंट आणि साइटवरच्या ऑर्डरी मोजून घ्या, फरक निघाला तर त्याच दिवशी फोन करा. त्या वर्षी भाऊबीजेपर्यंत आम्ही अकराही घरी डबे पोचवले, शेवटचे दोन मी स्वतः स्कूटरवरून नेऊन दिले. काकूंनी दुसऱ्या वर्षी पुन्हा ऑर्डर दिली, कार्डानेच.