जुन्या लॅपटॉपवर हलके लिनक्स कसे बसवावे

कोअर टू ड्युओ प्रोसेसर आणि २ जीबी रॅम असलेला लॅपटॉप भंगारात घालू नका. सातबारा काढायला, महाडीबीटीचा अर्ज भरायला तो अजून पुरतो. त्यावर अँटीएक्स घ्या; विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या मोफत प्रणालीची ही खूप हलकी आवृत्ती आहे. रॅम ४ जीबी असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. पैसे घालायचेच तर आधी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. जुनी हार्ड डिस्क तशीच ठेवून कोणतेही लिनक्स टाकले तरी मशीन रखडणारच.

१. अँटीएक्सची आयएसओ फाइल (पूर्ण प्रणाली असलेली एकच फाइल) टोरेंटने, म्हणजे फाइल तुकड्या-तुकड्यांनी उतरवणाऱ्या पद्धतीने, उतरवा. दिवसाचा डेटा मध्येच संपला तरी दुसऱ्या दिवशी राहिले तिथून पुढे चालू होते, आणि फाइल बिघडलेली नाही ना, हेही तपासले जाते.

२. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन विंडोजवरच्या रुफस या मोफत प्रोग्रॅमने त्यावर आयएसओ लिहा. आधीचा डेटा पुसला जाईल. फाइल नुसती कॉपी केली तर लॅपटॉप त्यावरून सुरू होत नाही.

३. पेनड्राइव्ह लावा आणि त्यावरून सुरू करण्याचा पर्याय निवडण्यासाठी, लॅपटॉप सुरू करताना डेल किंवा लेनोव्होवर एफ१२ दाबा. एचपीवर एस्केप, मग एफ९. लगेच इन्स्टॉल करू नका. पेनड्राइव्हवरूनच चालवून आवाज, टचपॅड, वायफाय पाहा. ब्रॉडकॉम कंपनीचे वायफाय कार्ड असेल तर वायफाय कधी कधी दिसत नाही. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा (मोबाइलचे इंटरनेट लॅपटॉपला द्या) आणि कार्ड चालवणारा ड्रायव्हर घ्या.

४. फोटो, कागदपत्रे दुसरीकडे ठेवून मगच इन्स्टॉल करा. बॅटरी मेलेली असेल तर लॅपटॉप इन्व्हर्टरवर लावा. अर्ध्यात लाईन गेली तर डिस्कवर ना विंडोज राहते, ना लिनक्स.

यानंतर सगळ्यात जास्त गोंधळ घालतो तो मदरबोर्डवरचा छोटा सेल. तो संपला की तारीख कितीतरी वर्षे मागे जाते, वेबसाइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतात, अपडेटही अडते. लोक दोष लिनक्सला देतात. तारीख हाताने बरोबर केली की काम चालते, पण कायमचा उपाय म्हणजे नवा सीआर२०३२ सेल. बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो वायर आणि पिनसह येतो, म्हणून जुना सेल दुकानात सोबत न्या.

२ जीबीवर ब्राउझरचे तीन-चार टॅबच उघडा. झेडरॅम, म्हणजे रॅममधला डेटा दाबून जागा वाचवणारी सोय, चालू केली तर थोडा श्वास मिळतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की मशीन आपोआप बंद पडू लागते. तेव्हा पंख्याची जाळी उघडून पाहा. कापसाच्या गावात तिथे धूळ आणि तूस यांचा नमद्यासारखा थर बसतो. तो मऊ ब्रशने काढा.