लिनक्स बसतं, फायली अडतात

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नसलेल्या जुन्या मशीनवर विंडोज ११ रीतसर चढत नाही. त्यामुळे ‘विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स बसवून द्या ना भाऊ’ हे आता खेड्यातल्या ऑफिसातही ऐकू येतं. यवतमाळकडच्या आमच्या सेवा सोसायटीत ते काम माझ्या गळ्यात पडलं. मिंट हा लिनक्सचा प्रकार बसवणं सोपं आहे, लाईट टिकली तर. व्हिडिओवाले गुरुजी तिथवरच शिकवतात.

खरी गोची जुन्या मराठी फायलींत. ठराव, नोटिसा, सगळं कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये. तो युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची एकच सांकेतिक पद्धत) नाही. फायलीत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देतो. फॉन्ट नसला की ठरावाचा चिवडा. फॉन्ट टाकला की सगळं नीट दिसतं आणि माणूस इथेच फसतो, कारण शोधलं तर सापडत नाही आणि मेलमध्ये चिकटवलं की पुन्हा चिवडा.

मग कृतिदेवाचं युनिकोड करणारा कन्व्हर्टर. कृतिदेवात ‘वर्धा’तला रफार काना दिल्यानंतर येतो, युनिकोडात तो ‘र्’ ‘ध’च्या आधी हवा. ऱ्हस्व वेलांटीचं नेमकं उलट. फुकटचे कन्व्हर्टर जोडाक्षरं आली की इथे गडबडतात. वर मधला इंग्रजी मजकूरही मराठी समजून बदलतात. कृतिदेवात तिरप्या रेघेच्या कळीवर अर्धा ध आहे, म्हणून इंग्रजी फॉन्टातलं ७/१२ आमच्या कर्जाच्या यादीत ‘७ध्१२’ झालं! मूळ फाईल अजिबात पुसू नका. पीडीएफ काढून ठेवा, रोज लागतात तेवढ्याच फायली बदला आणि ज्यानं टाईप केलं त्यालाच वाचायला बसवा.

आमचे गटसचिव काकाजी म्हणाले, “काऊन बावा, माह्या हाताले रेमिंग्टनची सवय हाये, आता या वयात नवं शिकू काय?” रेमिंग्टन म्हणजे जुन्या टाईपरायटरची कळमांडणी. इन्स्क्रिप्ट या सरकारी मांडणीचा हट्ट धरू नका. लिनक्समध्ये टायपिंगची भाषा बदलणाऱ्या आयबसच्या एम१७एन संचात हिंदीखाली रेमिंग्टन सापडतं.

टॅलीवरच्या हिशेबासाठी आणि डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनासाठी एक विंडोज मशीन ठेवाच. ‘शंभर टक्के लिनक्स’ सांगणाऱ्यांना ३१ मार्चच्या वसुलीला आमच्या खुर्चीत बसवावं. पण घाबरू नका, केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर चालतात. सुरुवात ज्या मशीनवर नुसती पत्रं निघतात तिथून करा, आणि तीही वसुली आटोपल्यावर.