बजेटमधली इलेक्ट्रिक गिटार पारखताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात भाचा नवी गिटार घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, “मामा, फसलो. जाडी तार फरफरते.” यामाहाची पॅसिफिका ११२व्ही होती. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेला पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला, शेवटच्या फ्रेटवर तार दाबली आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यामधली फट पाहिली. व्हिजिटिंग कार्डही शिरेना. नेक, म्हणजे गिटारची मान, किंचित मागे कललेला. सगळ्या तारा थोड्या उतरवून ॲलन कीने ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक ठरवणारी सळई) पाव फेरा सैल केला, पुन्हा सुरात लावल्या, रात्रभर तशीच ठेवली. सकाळी फरफर गायब.

पहिली चूक हीच: सेटअपचा (तारांची उंची, नेकचा बाक अशा जुळवणीचा) दोष गिटारच्या माथी मारणं. तारा उंच आहेत, बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकशी (तार न दाबता नुसती स्पर्शून निघणाऱ्या सुराशी) जुळत नाही, हे ब्रिजवरच्या (धडावर तारा जिथे टेकतात त्या भागावरच्या) सॅडलने, म्हणजे प्रत्येक तारेच्या छोट्या टेकूने सुटतं. सेटअपने सुटत नाही ते दुकानातच बघा. बंदुकीचा नेम धरतात तसा एक डोळा मिटून हेडस्टॉककडून (चाव्या असतात त्या टोकाकडून) नेकवर नजर टाका. पीळ दिसला तर परत ठेवा. नेकच्या दोन्ही कडांवरून तळहात फिरवा, फ्रेटची टोकं करवतीसारखी लागतात का ते कळेल. मग पहिली तार बाराव्या फ्रेटपासून पुढे एकेका फ्रेटवर पूर्ण स्वर चढेपर्यंत ओढा. सूर मध्येच मेला तर पुढचा एखादा फ्रेट उंच असण्याची शक्यता जास्त.

दुसरी चूक दुकानदार आपल्याकडून करवून घेतो, तीही प्रेमाने. मोठा महागडा ॲम्प, त्यावर डिस्टॉर्शन (आवाज फाडणारा इफेक्ट) आणि रिव्हर्ब (आवाज घुमवणारा). अशा आवाजात चपलेचा पट्टाही छान वाजेल! घरी जसा ॲम्प असेल तसाच मागा आणि आधी क्लीन, म्हणजे कुठलाही इफेक्ट न लावता वाजवा.

तिसरी चूक म्हणजे पिकअप (तारांची थरथर टिपणारे चुंबक) निवडायचा स्विच एकाच जागी ठेवून पाच मिनिटं एकच रिफ (छोटी सुरावट) वाजवणं. ११२व्हीवर दोन सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचे पिकअप) आणि ब्रिजला एक हंबकर (दोन वेटोळ्यांचा) आहे, शिवाय टोनची नॉब वर ओढली की हंबकरचं एकच कॉइल चालू राहतं. हिला ‘सगळ्या कामाची’ म्हणतात ते यामुळे. स्विचच्या पाचही जागा ऐका, नॉब ओढून आवाज फार पडत नाही ना तेही बघा. दिसायला जवळपास तशीच असलेल्या ११२जेला ही सोय नाही, म्हणून नाव नीट वाचूनच पैसे द्या.

सिंगल कॉइलवर घुंईंऽऽ आवाज आला की लोक पिकअप बदलायला धावतात. थांबा. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची ती गुणगुण आहे. ट्यूबलाइट किंवा ॲम्पपासून अंगाची दिशा बदला, कमी-जास्त होईल. तारेला हात लावल्यावर कमी झाली तरी घाबरू नका, तसंच व्हायला हवं. हाताला झिणझिण्या आल्या तर मात्र ताबडतोब बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या.

सूर टिकत नाही ही तक्रार तर रोजचीच. नव्या तारा ताणून बसवल्याशिवाय कुठलीच गिटार सुरात राहत नाही. ट्यून करताना नटपाशी (नेकच्या वरच्या टोकाला तारांच्या खाचा असलेल्या पट्टीपाशी) ‘टिंग’ असा आवाज येत असेल तर तार खाचेत अडकतेय. खाचेत पेन्सिलचं शिसं घासा. चाव्या बदलायचा खर्च त्यानंतर.

भाच्याने पुढच्या महिन्यात ९ ऐवजी १० गेजच्या तारा चढवल्या आणि परत फोन. “मामा, ब्रिजच मागून उचललाय!” जाड तारांची ओढ जास्त, ब्रिजला मागून ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा पुरत नाहीत. म्हटलं, मागचं झाकण काढ, स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे दोन स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आत घे, सूर लाव, मग बघ. तिसऱ्या खेपेला ब्रिज जागेवर बसला.